पाटोळे सरांची तीन मिनिटं

माणूस पडायला लागला तर त्याला पडू द्यावं, असं सांगणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. बाकी सगळं जग धरायला धावतं. आमच्या भिंगारच्या शाळेतले पी.टी.चे पाटोळे सर मात्र पडणाऱ्याला कुणी धरलेलं दिसलं की चवताळायचे. सोडा त्याला, आडवा करा, एवढंच ओरडायचे आणि मधल्या माणसांना कोपराने बाजूला करत पुढे घुसायचे. मग तो शिपाई असो नाहीतर संस्थेचा अध्यक्ष.

याकोब पाटोळे हे त्यांचं नाव. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आमच्याकडे आले तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. उंची बेताची, मान जाड, चालणं असं की मैदानावर कुणी रेघ मारून ठेवलीय आणि त्यांना तेवढीच दिसते. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझी जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. निमसे बाईंच्या वाटेला जाऊ नका, असं नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. पाटोळे सरांनाही सांगितलं असणार. ते सरळ येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि डबा उघडून म्हणाले, "बाई, मिरचीचा ठेचा हाय. घ्या." तेव्हापासून ती खुर्ची त्यांची झाली.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण झाकून ठेवून शेवटी उघडायची मला सवय नाही. सरांनी फौजेत असताना एका पडणाऱ्या पोराला धरून ठेवलं होतं, आणि तो पोरगा त्यामुळे मेला. निदान सरांचं म्हणणं तसं होतं, आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाईला ते खोटं म्हणता येत नाही. त्या पोराच्या आईला हे सांगायचं राहून गेलं होतं. पंचवीस वर्षांच्या वर राहून गेलं होतं. मला हे कळलं फार उशिरा. आधी दिसल्या त्या नुसत्या त्यांच्या लहरी, आणि त्या लहरींना मी पोटभर हसले आहे.

आमची प्रार्थना मैदानावर होते. प्रार्थना, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत, बातम्या, मग मुख्याध्यापकांच्या सूचना, म्हणजे मारुतीचं शेपूट. मार्च लागला की रोज एखादी पोरगी धपकन खाली जायची. बहुतेक उपाशीपोटी आलेली असायची. पाटोळे सर आले आणि त्यांनी पोरांना उभं राहायला शिकवलं. तुम्ही म्हणाल, त्यात शिकवायचं काय? ते रांगांमधून फिरत हळू आवाजात सांगत जायचे, "अंगठे हलवा. बुटाच्या आत हलवा, कुनाला दिसत न्हाई. पिंढऱ्या आवळा, सोडा. परत आवळा." मुख्याध्यापक तिकडे शिस्तीवर बोलत असायचे आणि इकडे सातशे पोरांच्या टाचा हळूच वर, हळूच खाली. मागून बघितलं तर सगळं मैदान डुलतंय असं वाटायचं.

एवढ्यावर थांबले असते तर बरं. त्यांनी पोरांना पडायलाही शिकवलं. पाचवीच्या पहिल्या आठवड्यात पडण्याचा तास असायचा. डोळ्यांपुढे काळं आलं, कानात शिट्टी वाजली, की आधी गुडघे मोडायचे, खाली बसायचं, मग आडवं व्हायचं, पाय वर. शेजारच्याने धरायचं नाही. धरलं तर शेजारच्याला मैदानाला पाच फेऱ्या. पोरं खिदळत मातीत लोळायची, आया घरून चिठ्ठ्या पाठवायच्या की गणवेश रोज कोण धुणार. सर त्या चिठ्ठ्या नीट घडी करून खिशात ठेवायचे. "लाजायचं काय त्यात," म्हणायचे. "जमीन कुटं पळून चाललीय?"

एका पंधरा ऑगस्टला तर कहर झाला. पाहुणे पाऊण तास उशिरा. आभाळ उघडलेलं, ऊन चढलेलं, रात्री पाऊस पडून गेल्यामुळे मैदान चिकचिकीत. पोरं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभी. सरांनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि हुकूम दिला, खाली बस. सातशे पोरं चिखलात बसली. मुख्याध्यापक व्यासपीठावरून हातवारे करतायत, उठवा, उठवा, गाडी आली. सर ढिम्म. पाहुणे झेंड्याच्या दोरीला हात घालेपर्यंत त्यांनी एका पोराला उठू दिलं नाही. मग उठली, तर मागून सगळ्यांची बूडं तपकिरी. फोटोत आमच्या शाळेची अब्रू गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. सरांनी त्याचं उत्तर माझ्याकडून तपासून घेतलं, ऱ्हस्व-दीर्घ बघा म्हणून. तीन वाक्यं होती. मुले उभी होती ती बसवली. कोणी पडले नाही. पडले असते तर धरले नसते. मी म्हटलं, सर, तिसरं वाक्य काढा, त्याचा इथे काय संबंध? ते म्हणाले, तेवढंच महत्त्वाचं हाय, राहू द्या. मी कपाळाला हात लावला आणि राहू दिलं.

आमच्यात दरवर्षी एक संवाद व्हायचा. जूनमध्ये नवी पुस्तकं आली की सर माझ्या टेबलाशी यायचे, रक्ताभिसरणाचा धडा उघडायचे आणि विचारायचे, "बाई, आडवा मानूस उभा ऱ्हायला की आत काय हुतं?" पहिल्या वर्षी मला कौतुक वाटलं. पी.टी.चा मास्तर आणि एवढी जिज्ञासा! मी फळ्यावर माणूस काढून सांगितलं. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि हृदयाजवळ दाब जोखणाऱ्या जागा असतात, त्यांना ते लगेच कळतं. दोन-चार ठोक्यांत हृदय पळायला लागतं, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हे झालं तातडीचं काम. मागाहून मूत्रपिंडं एक रसायन सोडतात, त्याचा निरोप त्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना पोचतो, आणि त्या आपलं संप्रेरक सोडतात, की मीठ बाहेर जाऊ देऊ नका. मेंदूखालची ग्रंथी पाणी धरून ठेवायला सांगते. आपण नुसते एसटीची वाट बघत उभे असतो, आणि आत एवढी पळापळ चाललेली असते.

"आन हे जमलं न्हाई तर?"

तर माणूस पडतो, मी म्हटलं. पडणं हाच शरीराचा शेवटचा इलाज. आडवा झाला की रक्त आपसूक डोक्याकडे येतं आणि माणूस डोळे उघडतो.

"आन पडू दिलं न्हाई तर?"

तर मेंदूला रक्त पुरत नाही. आणि मेंदू काही तासभर थांबत नाही सर, चार-पाच मिनिटं म्हणजे फार झाली.

ते मान हलवून जायचे. पुढच्या जूनला पुन्हा हजर, तेच प्रश्न, त्याच क्रमाने. चौथ्या-पाचव्या वर्षी मी वैतागले. म्हटलं, सर, तुमच्याएवढा ढ विद्यार्थी मी पाहिला नाही, एकच धडा किती वेळा? ते हसले नाहीत. म्हणाले, "अभ्यासक्रम बदललाय म्हनले. म्हनून म्हनलं, उत्तर बी बदललं असंल." मला तो विनोद वाटला. मी स्टाफरूमभर सांगत सुटले.

नगरच्या स्टँडवरचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. खेळाच्या स्पर्धा आटोपून आम्ही दोघं परतत होतो. लग्नसराई, भर दुपार, स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. समोर एका तरुण बाईला भोवळ आली. नवरा आणि दीर दोघांनी तिला काखेत धरून उभी ठेवली, सासू पिशवीत कांदा शोधायला लागली. बाईची मान लोंबत होती, डोळे पांढरे. माझ्या शेजारची जागा रिकामी झाल्याचं मला कळलं तोवर सर गर्दी फोडून तिथे पोचलेले. त्यांनी त्या दोघांच्या हातातून बाई अक्षरशः ओढून घेतली, फरशीवर निजवली आणि तिचे पाय उचलून आपल्या खांद्यावर घेतले. परका पुरुष, भर स्टँडवर, बाईचे पाय! नवऱ्याने दोन ठेवून दिल्या. सरांनी हात वर केला नाही की पाय सोडले नाहीत. तोंड फुटलं, ओठातून रक्त हनुवटीवर आलं. अर्ध्या मिनिटात बाईने डोळे उघडले आणि पदर सावरला.

मी त्यांना रुमाल दिला आणि वर झापलं, की नीट समजावून सांगता येत नाही का, प्रत्येक वेळी दांडगाई करायलाच हवी का? सर रुमाल ओठाला लावून म्हणाले, "एक मिनिट चाळीस सेकंद धरली हुती त्यांनी. समजवायला येळ कुटला?" गर्दीतून घुसता घुसता हा माणूस सेकंद मोजत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी माझ्याच तोऱ्यात होते.

आणि तांदूळ. दर डिसेंबरात सर एक दिवस रजा घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये काळभाताचं पोतं आणायचे. अकोले तालुक्याच्या डोंगरातला तांदूळ. शिजायला घातला की तीन घरांपलीकडे वास जातो. सगळ्यांना मापाने वाटायचे. त्या तांदळाची आम्ही वर्षभर वाट बघायचो, मी तर भाऊबंदांत मिरवायची. एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या मिसेस, रूथ वहिनी, त्यांना सहज म्हटलं, तुमच्याकडे रोज काळभात म्हणजे चंगळ आहे. त्या म्हणाल्या, आमच्या घरात त्याचा दाणा येत नाही. ह्यांना चालत नाही. कुणाकडून आणतात विचारलं तर सांगत नाहीत.

सर निवृत्त झाले आणि तीनेक वर्षांत त्यांना आजार जडला. आजार कसला म्हणून सांगू! मी फळ्यावर जे काढायची तेच त्यांच्या अंगात बंद पडलं. डॉक्टरांनी सांगितलं, दाब सांभाळणाऱ्या आतल्या नसा निकामी होत चालल्या आहेत, थांबवणारं औषध नाही. आडवे असताना दाब एकशे साठ, उभे राहिले की तीन मिनिटांत ऐंशीच्या खाली. पायांना घट्ट मोजे, जेवणात जास्तीचं मीठ, पलंगाच्या उशाखाली विटा, आणि एक बारकी गोळी. ती गोळी म्हणजे मीठ धरून ठेवणाऱ्या त्या संप्रेरकाचीच नक्कल. मी भेटायला गेले तर गोळी तळहातावर घेऊन म्हणाले, "बाई, तुमचा धडा. रोज सकाळी गिळतो."

त्याच दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. वहिनी दारात बसून भाजी निवडत होत्या, त्यांनाही ते पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. त्यांचे हात थांबले ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

सर तेव्हा नव्या रंगरुटांना कवायत शिकवायचे. त्यांच्या तुकडीत भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा एक पोरगा होता, किसन. एकोणीस वर्षांचा, डोंगर चढून पाय पोलादी झालेला, एकुलता एक. शपथविधीच्या आधीची मोठी तपासणी होती. आदल्या दिवशी किसनला जुलाब झाले होते. दवाखान्यात गेला असता तर मागच्या तुकडीत टाकला असता, आणि आई तर शपथविधी बघायला यायची होती. त्याने कुणाला सांगितलं नाही. सरांना कळलं होतं. त्यांनीही सांगितलं नाही, पोराचं वर्ष वाया जाईल म्हणून. भर उन्हात दीड तास सावधान. तपासणीचे साहेब रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचले आणि किसन डुलायला लागला. तपासणीत कुणी पडलं की तुकडीचं नाक कापलं जायचं. सर मागच्या बाजूला उभे होते. त्यांनी मागून त्याचा पट्टा मुठीत धरला, दुसरा हात काखेत घातला, आणि उभा ठेवला. साहेब एकेकाची बटणं बघत, एकेकाला नाव विचारत आले आणि गेले. आठ मिनिटं.

मग आडवा केला. चार दिवस दवाखान्यात होता. आई आली, दोन दिवस उशाशी बसली, त्याने तिला ओळखलं नाही. कागदावर उष्माघात लागला. आणि त्या तपासणीत सरांची तुकडी पहिली आली, कारण कुणी पडलं नव्हतं.

शव घेऊन सरच गावी गेले होते. तेव्हापासून दरवर्षी भात निघाला की जायचे, सांगायचं ठरवून. ती माउली पाट मांडायची, जेवायला घालायची, निघताना तांदळाचं पोतं द्यायची. सर पोतं घेऊन परत यायचे. म्हणजे ज्या तांदळाचा मी वास घेत होते तो त्या घरातला होता.

"औंदा सांगनार," ते म्हणाले. "पुढच्या सालाला मी उभा ऱ्हानार न्हाई. पन मला नुसतं सांगता येतंय बाई, समजावता येत न्हाई. धरल्यानं मानूस कसा मरतो हे त्यांना पटायला पायजे. ते तुमचं काम. तुमी याल?"

मी म्हटलं, येईन. समजावते, त्यात काय. शब्द दिला मी.

झोपून किंवा बसून सांगायला ते तयार नव्हते. रिपोर्ट उभ्याने द्यायचा असतो, हा त्यांचा हट्ट. मग तालीम सुरू झाली. वहिनी हातात घड्याळ घेऊन बसायच्या. सर आधी कुशीवर, मग पाय खाली, मग बसून श्वास, मग उभे. सांगायचं ते मनातल्या मनात सांगायचे, ओठ तेवढे हलायचे. कधी अडीच मिनिटं निघायची, कधी साडेतीन. चेहरा कागदासारखा व्हायचा, मान पुढे झुकायची, तसे गुडघे मोडून खाली बसायचे, पाचवीच्या पोरांना शिकवलं होतं तसंच. शेवटी तीन मिनिटांवर गाडी स्थिरावली. तेवढ्यात बसवलं मी सगळं, म्हणाले. मी त्या वेळी थट्टा करू शकले नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी जीप करून निघालो. सर मागच्या सीटवर आडवे, डोकं वहिनींच्या मांडीवर. संगमनेर गेलं, अकोले गेलं, घाट लागला. मागे सरांचे ओठ तेवढे हलत होते. मी मात्र पुढे बसून मनात धडा तयार करत होते. रक्त खाली उतरतं हे सांगायला हंड्याचं उदाहरण घ्यावं की पखालीचं, असला विचार चालला होता माझा. मास्तरकी अंगात भिनली की अशी लाज सोडते.

किसनची आई, ठकूबाई, खळ्यावर होत्या. सत्तरीच्या, वाळक्या, कासोटा घातलेला, डोळ्यांवर हाताची सावली धरून त्यांनी बघितलं. "या हवालदार," म्हणाल्या. "औंदा लवकर आलात. लई वाळलात वो." पडवीत घोंगडी टाकली. सर दहा मिनिटं घोंगडीवर आडवे राहिले, शेजारची बाई चहा घेऊन आली तो तसाच निवला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ काढलं. कुशीवर, पाय खाली, बसले, उठले. हात पँटच्या शिवणीला, टाचा जुळलेल्या. ठकूबाई गोंधळून स्वतःही उभ्या राहिल्या.

"आई, किसन उन्हानं मेला न्हाई," सर म्हणाले. "त्याला चक्कर आली हुती. तो पडत हुता. साहेब लायनीत चालत हुते, म्हनून मी मागनं त्याचा पट्टा धरला आन त्याला उभा ठेवला. आठ मिनिटं. पडू दिला असता तर तो उठला असता. मी धरला म्हनून मेला. त्याच्या पोटात आदल्या दिवशी बिघाड हुता, ते बी मला ठावं हुतं. हे मी तुमाला सांगितलं न्हाई. आज सांगतो."

एक मिनिट दहा सेकंद झाले होते. खळ्यावर कोंबड्या भात टिपत होत्या, त्यांना हाकलायलाही कुणी हललं नाही. दोन मिनिटं झाली. सरांच्या ओठांचा रंग उडाला. मी खूण केली, बसा. त्यांनी मान हलवली, नाही.

"काय बोलला का वो त्यो?" ठकूबाईंनी विचारलं.

"पहिल्यांदा बोलला. सर, पडतो, म्हनला. मी म्हनलो, पडू देत न्हाई तुला."

एवढं बोलून त्यांचे गुडघे मोडले. कुणी धरलं नाही. ते बसले आणि मग घोंगडीवर आडवे झाले. मी भाताचं पोतं ओढून त्यांच्या पायांखाली सरकवलं. घड्याळात तीन मिनिटं व्हायला थोडं कमी होतं.

ठकूबाई त्यांच्या पायांशी येऊन बसल्या. मला वाटलं, आता ही बाई ऊर बडवून घेईल, शिव्या देईल, दगड उचलेल. सर तेवढ्यासाठीच तर इतक्या लांब आले होते. तिने पिंढऱ्यांवर हात ठेवला आणि पाय चेपायला सुरुवात केली.

"मला रोज दिसायचं," ती म्हणाली. "मपलं पोर त्या उन्हात एकलंच पडलंय. तोंडावर. कुनी जवळ न्हाई. इतकी वरसं मला तेच दिसायचं. तुमी धरलं हुतं व्हय त्याला?" आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "धरलं हुतं. पडू दिलं न्हाई मपल्या लेकराला."

सर ताडकन उठू बघत होते, उठता येईना. "तसं न्हाई आई. तसं न्हाई ते." मग मान वळवून त्यांनी मला शोधलं. "बाई, सांगा. सांगा तुमी त्यांना."

सगळा धडा माझ्या जिभेवर होता. हंडा, पखाल, सगळं. अवघड काहीच नव्हतं. नववीच्या पोरांना कळतं ते तिलाही कळलं असतं. मी तिच्या हातांकडे बघितलं. काळे, भेगाळलेले हात, ते सरांच्या पिंढऱ्या दाबत होते, सोडत होते, परत दाबत होते. मी म्हटलं, "आजी, सरांनी त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही."

सरांनी तोंड भिंतीकडे केलं. ठकूबाई पदराने डोळे पुसत कितीतरी वेळ पाय चेपत राहिल्या. निघताना तिने दरवर्षीसारखं पोतं दिलं. ते चालकाने मागे टाकलं.

संगमनेरच्या पुढे कुठेतरी मागून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"बाई, तुमी बी पडू दिलं न्हाईत मला."

साऱ्या शाळेला तोंडावर उत्तर देणारी मी, रस्त्याकडेचे मैलाचे दगड वाचत बसले. भिंगारला माझ्या गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. मी उतरले, मागच्या खिडकीशी गेले. काचेतून सरांचे पाय तेवढे दिसत होते, ते घट्ट तपकिरी मोजे घातलेले. मोज्यांच्या आत अंगठे हलत होते, वर, खाली, वर, खाली, परेडवर उभ्या असलेल्या माणसाचे हलतात तसे. मी काच वाजवली. ती खाली झाली नाही. जीप गेली.

जानेवारीत छातीत कफ होऊन सर गेले. अंथरुणात, आडवेच. मी दफनाला गेले होते, वहिनी माझ्याशी नीट बोलल्या. मधल्या दीड महिन्यात मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले होते, ते मी त्यांना सांगितलं नाही.

ठकूबाई अजून आहेत. वहिनींनी त्यांना माझा पत्ता दिला असावा, कारण भात निघाला की आता जीपवाला पोतं माझ्या दारात उतरवून जातो. हवालदारांच्या बाईंना द्या, असा निरोप असतो. दोन वर्षं झाली. समजावून सांगायला अजूनही मीच उरले आहे, आणि त्यांच्या गावी जायला चार तास लागतात. मी पोतं उचलून स्टाफरूममध्ये नेते आणि मापाने वाटते. नवे शिक्षक विचारतात, बाई, तुम्ही नाही ठेवत थोडा? मी म्हणते, मला चालत नाही.